कायदा करणारा आणि कायदा वाचणारा



तुमचा हा वर्ग पाहून आम्हाला फार समाधान वाटले. आम्ही ३५ वर्षे मुलांना शिकवले. पण दिवसभर राबून आलेला माणूस रात्री पाटी घेऊन बसतो, त्याची गोष्टच निराळी.

मागे अशाच एका वर्गात एका बाईंनी आम्हाला विचारले, "गुरुजी, मले आता नाव लिहिता येते. अंगठा सुटला. आता आणखी वाचून मी काय करू?"

प्रश्न खरा होता. तेव्हा आम्ही काहीतरी गुळमुळीत बोललो. खरे उत्तर आम्हाला पुढे त्याच बाईंकडून मिळाले. ते शेवटी सांगू. आधी एक जुनी हकिकत ऐका.

१९५४ साली आपल्या भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. तेव्हा आपला जिल्हा मध्यप्रदेशात होता. गोंदियाही आपल्याच जिल्ह्यात होते; ते १९९९ साली वेगळे झाले. त्या निवडणुकीत राखीव जागेसाठी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर उभे होते. राज्यघटनेचा मसुदा ज्या समितीने केला, तिचे ते अध्यक्ष. प्रचारासाठी ते आपल्या जिल्ह्यात आले, बोलले. पण मते कमी पडली. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले.

आमचे वडील त्या वेळी मतदार होते. त्यांनी मत कोणाला दिले ते त्यांनी कधी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. मत ही ज्याची त्याची गोष्ट आहे. पण म्हातारपणी ते एकदा म्हणाले, "पोरा, त्या माणसाने आपल्यासाठी आधीच काय करून ठेवले होते, ते आम्हाला ठाऊकच नव्हते. आम्हाला वाचता कुठे येत होते?"

ते काम कोणते, ते पाहू.

कायदेमंडळात बसणारा माणूस काय करतो? पुष्कळांना वाटते, तो भाषणे करतो आणि फिती कापतो. त्याचे खरे काम कायदे करण्याचे. आधी कायद्याचा कच्चा खर्डा तयार होतो. त्याला विधेयक म्हणतात. ते सभागृहात मांडतात. त्यावर वाद होतो. कोणी बाजूने बोलतो, कोणी विरुद्ध बोलतो. मग मते घेतात. पास झाले आणि वरची मंजुरी मिळाली, की त्याचा कायदा होतो. शेतात बी पेरावे आणि पीक दुसऱ्याने कापावे, असेही यात होते.

१९२८ साली बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात होते. कारखान्यातल्या बायांना बाळंतपणात रजा आणि पैसा मिळावा, असे विधेयक तेथे आले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. आईला त्या वेळी विसावा मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, असे त्यांनी सांगितले. १९२९ साली तो कायदा झाला.

१९३८ साली उलट झाले. कामगारांच्या संपावर बंधने घालणारे विधेयक आले. बाबासाहेबांनी सभागृहात विरोध केला. ७ नोव्हेंबरला मुंबईत कामगारांचा मोठा संप झाला. तरी ते विधेयक पास झालेच. म्हणजे प्रत्येक वेळी जिंकता येते असे नाही. पण विरोध करणे हेही कायदेमंडळातले कामच आहे.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते दिल्लीला व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. त्या ४ वर्षांत काय झाले?

कारखान्यातल्या मजुराला आठवड्याला ५४ तास राबावे लागे. १९४६ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत त्याचे ४८ तास झाले. त्यावर काम केले तर दुप्पट मजुरी ठरली. त्याच्या आधी १९४५ साली वर्षाला १० दिवसांची पगारी रजा कायद्यात आली. रजा घेतली की मजुरी बुडायची, ही मजुराची जुनी रड. ती थोडी तरी कमी झाली.

आणखी एक बी त्यांनी पेरले. ११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी किमान मजुरीचे विधेयक मांडले. किमान मजुरी म्हणजे काय? मालकाने याच्या खाली उतरायचे नाही, अशी सरकारने आखलेली रेघ. ते विधेयक पास होण्याआधी बाबासाहेबांचे मंत्रिपद गेले होते. पण काम थांबले नाही. जगजीवनराम मजूरमंत्री असताना, १९४८ साली, त्याचा कायदा झाला. त्या कायद्याला कामांची एक यादी जोडली होती. त्या यादीत तंबाखूचे कारखाने होते आणि कंसात स्पष्ट लिहिले होते, बिडी वळणे धरून.

माउल्यांनो, मांडीवर सूप घेऊन तेंदूच्या पानाची बिडी वळणारी तुमची आजी त्या यादीत होती. तिला ते ठाऊक नव्हते.

१९६६ साली बिडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. घरी बसून बिडी वळणारी बाईसुद्धा कामगार आहे, असे त्याने मानले. आता हे बहुतेक जुने कायदे एकत्र करून ४ संहिता केल्या आहेत. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. कायद्याची नावे बदलली. पण आठवड्याच्या ४८ तासांची रेघ आणि किमान मजुरीची रेघ आजही आहे.

आता दुसरी गोष्ट, विजेची. मजूरखात्याबरोबर वीजही बाबासाहेबांकडेच होती. १९४३ साली त्यांनी सांगितले की देशाला स्वस्त आणि मुबलक वीज हवी, कारण उद्योग वाढल्याशिवाय गरिबी हटणार नाही. १९४४ साली विजेच्या कामासाठी केंद्रात तज्ज्ञांचे मंडळ नेमले गेले. मजूर आणि वीज ही दोन्ही खाती एका माणसाच्या हाती होती. यात मोठा अर्थ आहे. वीज माणसाचे कष्ट कमी करायला आली पाहिजे. माणसाचा जीव घ्यायला नव्हे.

पण वीज गावात आली, तशी तिची भीतीही आली. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या खोलीला आग लागली. १० बाळे गेली. ती पहाट आपला जिल्हा विसरलेला नाही.

आपल्या विदर्भात उन्हाळ्यात घरोघर कूलर लागतो. पत्र्याची पेटी, आत पाणी, आत वीज. वायरीचे आवरण फाटले की तार पत्र्याला लागते आणि सारी पेटी जिवंत होते. ओल्या हाताने शिवला, की माणूस चिकटलाच.

म्हणून विजेच्या मालाला कायद्याचा लगाम लागतो. हा लगाम बाबासाहेबांचा नव्हे, तो नंतरच्यांचा. मालाचा कस ठरवणारी संस्था १९४७ साली निघाली. १९५२ साली संसदेने कायदा केला, आणि कसाला उतरलेल्या मालावर खूण छापायचे ठरले. ती खूण म्हणजे आय.एस.आय. आज हे काम भारतीय मानक ब्यूरो पाहतो. २००३ सालच्या सरकारी आदेशाने वायर, स्विच, इस्त्री, पाण्यात बुडवायचा हीटर अशा वस्तूंवर ती खूण सक्तीची झाली.

ती खूण ओळखायची कशी? अक्षरे इंग्रजी आहेत, पण भिऊ नका. एक उभी रेघ, मध्ये नागमोड, पुन्हा एक उभी रेघ. खुणेच्या वर मानकाचा आकडा असतो. घरातल्या वायरीचा आकडा ६९४. खुणेच्या खाली कारखान्याचा परवाना क्रमांक असतो. नुसती खूण आहे आणि खाली क्रमांक नाही, तर माल नकली समजा. आकडे इंग्रजी असतात, म्हणून दहाही इंग्रजी आकडे आधी शिकून घ्या.

आता त्या बाईंचे सांगतो.

त्या बिडी वळत. वळणीच्या पैशातून त्यांनी बाजारातून एक कूलर आणला. स्वस्त मिळाला म्हणून घेतला. पावती घेतली नाही. मे महिन्यात त्यांचे यजमान चालू कूलरमध्ये पाणी ओतत होते. हात चिकटला. बाई धरायला धावल्या. तेवढ्यात जाऊ ओरडली, "शिवू नको!" आणि तिने आधी मेन स्विच बंद केला. त्या एका शब्दाने दोन जीव वाचले. यजमानांची बोटे भाजली. ते कित्येक दिवस कामाला गेले नाहीत. दुकानदाराने हात वर केले. पावती नाही, तर भांडायचे कशावर?

पुढच्या वर्षी त्या बाई वायर घ्यायला बाजारात गेल्या. आता त्यांना वाचता येत होते. दुकानदाराने वेटोळे पुढे टाकले. त्यांनी ते उलटसुलट केले आणि म्हणाल्या, "भाऊ, खूण आहे, पण खाली नंबर नाही. दुसरी दाखवा. आणि पावती द्या." दुकानदार क्षणभर पाहतच राहिला. मग त्याने आतून दुसरे वेटोळे काढले.

त्याच आठवड्यात बिडीचा हिशेब होता. ठेकेदाराच्या माणसाने पुस्तकात आकडा टाकला आणि पुस्तक परत दिले. बाईंनी ते तिथेच उघडले. दिलेल्या बिड्या आणि मांडलेल्या बिड्या यांत फरक होता. छाट जास्त धरली होती. "दादा, हे पुन्हा मोजा," त्या म्हणाल्या. मोजावे लागले. आकडा दुरुस्त झाला.

त्या आम्हाला येऊन म्हणाल्या, "गुरुजी, वाचून काय करू म्हणून मी विचारले होते. आता समजले."

बंधुभगिनींनो, ४ गोष्टी घरी घेऊन जा. कूलरमध्ये पाणी भरण्याआधी पिन काढा. पिन तीन पायांचीच वापरा. तिचा मोठा पाय बिघाडातली वीज जमिनीत उतरवतो, पण त्यासाठी घराला अर्थिंग हवे, ते जाणत्या वायरमनकडून करून घ्या. कोणी चिकटला तर त्याला शिवू नका. आधी मेन स्विच बंद करा, ते जमले नाही तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करा. आणि प्रत्येक वस्तूची पावती घ्या. माल खोटा निघाला तर १९१५ या ग्राहक क्रमांकावर फोन करा. जिल्ह्याला ग्राहक आयोग आहे.

१९५४ साली ज्यांनी बाबासाहेबांना मत दिले, त्यांच्या मजुरीला कायद्याचा आधार मिळाला. ज्यांनी दिले नाही, त्यांच्याही मजुरीला मिळाला. कायदा मत विचारत नाही. पण कायदा स्वतः चालत दारात येत नाही. तो पुस्तकातल्या आकड्यात असतो, वायरीवरच्या खुणेत असतो. तेथे तो गप्प बसलेला असतो. तुम्ही वाचला, की तो बोलू लागतो.

कायदा करणाऱ्यांनी आपले काम केले. राहिलेले काम तुमचे आहे. उद्या घरी गेल्यावर वायरीवर काय छापले आहे ते वाचा, आणि परवा वर्गात येऊन सांगा. आम्ही ऐकायला येऊ.