एकच अर्ज, अनेक ब्राउझर

जन्मतारीख ही अर्जातील एक लहानशी नोंद. परंतु शाळाप्रवेश, वयाची अट आणि निवृत्तिवेतन यांचा निर्णय तिच्यावरच अवलंबून असतो. पडद्यावर भरल्या जाणाऱ्या अर्जात ही नोंद तपासण्याचे काम बहुधा जावास्क्रिप्ट ही संगणकभाषा करते. एका संगणकाने स्वीकारलेला अर्ज दुसऱ्याने नाकारला, की दोष अर्जदाराच्या माथी मारला जातो. वस्तुतः तो पुष्कळदा अर्जाच्या रचनेत असतो.

ही भाषा १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी निर्माण केली. तिचे पहिले प्रमाण १९९७ साली प्रसिद्ध झाले. तथापि काही बाबी ब्राउझर तयार करणाऱ्यांच्या मर्जीवर राहिल्या. मजकुरातून पूर्णांक काढताना, शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा मानण्याची मुभा १९९९ च्या प्रमाणात होती. अष्टमानात ८ व ९ हे अंकच नाहीत. परिणामी इंटरनेट एक्सप्लोअररच्या आठव्या आवृत्तीत ‘०७’ म्हणजे सात, पण ‘०८’ आणि ‘०९’ म्हणजे शून्य! जुलैत जन्मलेल्याचा अर्ज चाले. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जन्मलेल्याचा अडे. २००९ च्या प्रमाणाने ही मुभा काढून घेतली. आकडा दशमान आहे असे आज्ञावलीत स्पष्ट लिहिणे, हा त्यावरील साधा उपाय होय.

तारखेच्या खास रकान्याचीही हीच कथा आहे. संगणकावरील क्रोममध्ये तो २०१२ साली, फायरफॉक्समध्ये २०१७ साली, तर सफारीमध्ये २०२१ साली आला. जेथे तो नव्हता तेथे साधा मजकुराचा रकाना दिसे. खास रकाना आज्ञावलीला वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख देतो; साध्या रकान्यात मात्र भारतीय अर्जदार स्वाभाविकपणे दिवस प्रथम लिहितो. ‘०५/०८/१९६२’ ही पाच ऑगस्टची तारीख जावास्क्रिप्ट सामान्यतः आठ मे अशी वाचते. येथे अर्ज नाकारला जात नाही. चुकीची तारीख निमूटपणे नोंदली जाते. हा धोका अधिक मोठा. दिवस, महिना व वर्ष यांसाठी तीन स्वतंत्र रकाने ठेवल्यास तो टळतो.

असा दोष शोधण्याची रीत सोपी आहे. तक्रार येताच ब्राउझरचे नाव, त्याची आवृत्ती आणि भरलेला मजकूर जसाच्या तसा टिपून घ्यावा. त्याच ब्राउझरमध्ये दोष पुन्हा घडवून पाहावा. आज्ञावलीच्या हाती प्रत्यक्ष कोणते मूल्य पडले, ते ब्राउझरच्या कन्सोलवर तपासावे. दुरुस्तीनंतर आठवा व नववा महिना, तसेच २९ फेब्रुवारी यांची चाचणी सर्व प्रमुख ब्राउझरांवर घ्यावी. ब्राउझरमधील तपासणी टाळता येते. म्हणून अंतिम पडताळणी कार्यालयाच्या सर्व्हरवर झालीच पाहिजे.

हे तंत्रज्ञाचे काम असले, तरी त्याचा आरंभ अर्ज घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या अचूक टिपणापासून होतो. ‘अर्ज चालत नाही’ एवढ्याच शेऱ्याने दोष सापडत नाही. आणि तो सापडेपर्यंत पात्र माणूस मात्र दाराबाहेर उभा राहतो.