वंशाची वही कोणाच्या हाती?



व्यापाऱ्याची वही त्याची एकट्याची नसते. ज्यांची खाती तिच्यात असतात, त्यांची अब्रूही तिच्यात बांधलेली असते. मानवी पेशीतील डी.एन.ए. ही अशीच एक वही होय. तिच्यात मातापिता, भावंडे, चुलत-मावस नातलग यांचीही खाती एकत्रच लिहिलेली असतात.

१९८४ साली इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात अॅलेक जेफ्रीज यांनी डी.एन.ए.वरून व्यक्ती ओळखण्याची रीत शोधली. तिच्या पहिल्याच मोठ्या खूनतपासात एक निरपराध तरुण सुटला व पुढे खरा अपराधी सापडला. हे उपकार थोर खरे. परंतु १९९५ मध्ये ब्रिटनने उभारलेल्या राष्ट्रीय संग्रहात आरोपमुक्तांचे नमुनेही राहू लागले. अखेर २००८ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा खाजगी जीवनाच्या हक्काचा भंग ठरविला.

सरकारी संग्रहाला निदान कायद्याचा लगाम घालता येतो. हौसेने दिलेल्या नमुन्यांचे काय? अमेरिकेतील ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ ही कंपनी लाळेच्या नमुन्यावरून पूर्वजांची माहिती देई. २०२३ मध्ये चोरट्यांनी सुमारे १४ हजार ग्राहकांची खाती उघडली. मात्र नातलग शोधून देण्याच्या सोयीमुळे जवळजवळ ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती पडली! मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. दिवाळे निघालेल्या पेढीचा माल विकला जातो, हे व्यापारीवर्गाला सांगावयास नको. येथे मोलाचा माल म्हणजे दीड कोटी ग्राहकांच्या वंशाची नोंद. त्याच वर्षी संस्थापिका अॅन वोजिकी यांच्या संस्थेने कंपनीचा व्यवसाय ३० कोटी ५० लाख डॉलरना घेतला. फुटलेला परवलीचा शब्द बदलता येतो, जन्मदत्त डी.एन.ए. नव्हे.

भारतात २०१९ साली लोकसभेत मांडलेले डी.एन.ए. विधेयक २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. जेथे विवाहसंबंध मोजक्या घराण्यांत होतात, तेथे एकाच्या नमुन्यातून अनेक घरांचा उलगडा होऊ शकतो. थॅलेसेमियासारख्या व्याधीची विवाहपूर्व तपासणी जरूर करावी; मात्र नमुना किती काळ ठेवणार व कोणास देणार, हे प्रयोगशाळेस विचारण्यात संकोच कसला?

याच रेणूचा दुसरा उपयोग निराळा आहे. संगणकाची शून्य-एकची भाषा डी.एन.ए.च्या चार अक्षरांत उतरविता येते. २०१३ साली इंग्लंडमधील हिंक्स्टन येथील शास्त्रज्ञांनी शेक्सपिअरची १५४ सुनीते व मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाचा अंश असा लिहविला आणि पुन्हा वाचून दाखविला. हा डी.एन.ए. रसायनांतून घडविलेला असल्याने त्यात कोणाचे कुळ नसते. थंड, कोरड्या जागी तो हजारो वर्षे टिकू शकेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तूर्त लिहिण्याचा खर्च फार आणि वेगही मंद, त्यामुळे ही वही अद्याप बाजारात रुळलेली नाही.