आश्रम काढण्यापूर्वी

(तळेरे येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



तळेऱ्याचा हा नाका आपल्या सर्वांच्या ओळखीचा. मुंबई-गोवा महामार्ग येथून जातो; एक रस्ता वैभववाडी-गगनबावड्यावरून कोल्हापूरकडे चढतो, दुसरा विजयदुर्गाकडे उतरतो. अशा नाक्यावर कधी घरच्या मारहाणीला कंटाळून निघालेले एखादे मूलही उतरते. अशा मुलांसाठी येथे आश्रम काढावा, असा आपल्यापैकी काही साथींचा आग्रह आहे. त्यांच्या कळकळीविषयी मला शंका नाही. परंतु पायाचा दगड बसवण्यापूर्वी काही प्रश्नांचा विचार व्हावा, एवढ्यासाठी मी उभा आहे.

महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांना तेथे बाळंतपणासाठी आसरा मिळे, त्यांची मुले सांभाळली जात. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८७५ साली पंढरपुरातही प्रार्थना समाजाच्या प्रेरणेने बालकाश्रम उभा राहिला. फुल्यांनी आसरा दिला आणि त्याच वेळी विधवेलाच गुन्हेगार ठरवणाऱ्या रूढीवर घावही घातला. त्यांचा आश्रम लढ्याचा भाग होता, लढ्याला पर्याय नव्हता. आपल्या मनात कोणता आश्रम आहे?

आश्रमात राहणारी सगळीच मुले अनाथ नसतात. कित्येकांची आई हयात असते. पण ती मोलमजुरीला जाते आणि बाप दारूत बुडालेला असतो. अशा मुलाला आश्रमात ठेवले की घराच्या दारिद्र्याची किंमत मुलाने आईला मुकून चुकवायची, असा त्याचा अर्थ होतो. संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय असावा, असे २०१५ च्या बालन्याय कायद्याचेही तत्त्व आहे. राज्याच्या बालसंगोपन योजनेतून घरी राहणाऱ्या मुलासाठी साहाय्य मिळते. २०२३ साली ते दरमहा २,२५० रुपये करण्यात आले. त्या विधवेचा वा परित्यक्तेचा अर्ज भरून द्यायला आपल्यापैकी किती जण गेले?

निराधार मूल सापडले तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत ते बालकल्याण समितीसमोर नेले पाहिजे. नोंदणीविना बालगृह चालवणे हा गुन्हा आहे. काहींना हा सरकारी जाच वाटतो. तो का आवश्यक आहे, हे पनवेलजवळच्या एका निवासगृहाने दाखवले. तेथील गतिमंद मुलींवरचे अत्याचार २०११ साली उघड झाले आणि २०१३ साली न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावली. बिहारात मुझफ्फरपूरच्या बालिकागृहाला तर सरकारी अनुदान होते. तरी भिंतीआडचा प्रकार २०१८ साली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या तपासणीतून बाहेर आला. म्हणजे नोंदणीही पुरेशी नाही. मुलाला बाहेरच्या माणसाशी एकांतात, निर्भयपणे बोलता आले पाहिजे. जेथे चालकाला कोणी प्रश्न विचारू शकत नाही, तेथे त्याचा त्याग कितीही मोठा असो, मूल सुरक्षित नाही.

देणगीचेही तसेच. वाढदिवसाचे श्रीखंड येते. रात्री जागणाऱ्या मावशींचा पगार मात्र कोणी देत नाही. देणगीदाराला मुलांसोबत छायाचित्र हवे असते. पण अशा मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास कायद्याची मनाई आहे. ज्याने मार खाल्ला, त्याला वर कृतज्ञतेचे हसूही हसायला लावायचे काय? याच कणकवली तालुक्यात गोपुरी आश्रम उभारणारे अप्पासाहेब पटवर्धन स्वतःच्या हाताने सफाई करीत. सेवेत वरून टाकलेल्या कृपेला जागा नसते, हे आपण त्यांच्याकडून शिकलो आहोत.

म्हणून माझी सूचना अशी की, प्रथम आपापल्या वाडीत शाळेतून गळालेल्या मुलांची विचारपूस करा. योजनेचे अर्ज भरून घ्या. सापडलेल्या मुलाला समितीसमोर नेताना सोबत जा. ज्यांच्या घरात जागा आहे, त्यांनी कायद्याने मूल सांभाळायला घेण्याचा विचार करावा. एवढे करूनही ज्यांना घर उरत नाही, त्यांच्यासाठी अवश्य घर काढू. ते लहान असावे, मुले गावच्याच शाळेत जावीत, हिशेब चारचौघांत वाचला जावा. दरवर्षी मुले किती वाढली हे सांगण्याऐवजी किती मुले आपल्या माणसांत परत गेली, हे त्या घराने सांगावे. हे मान्य असेल तर पहिली वीट उचलायला मी तुमच्याबरोबर आहे.