मधुमेह आणि आपले पाय

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही फार शिकलेली नाही. सातवी झाली आणि पुढे संसारात पडले. तेव्हा व्याख्यान मला जमायचे नाही. घरात घडले तेवढेच सांगते.

माझ्या सासूबाईंना पुष्कळ वर्षांचा मधुमेह आहे. तीन वर्षांपूर्वी चैत्रात त्या अनवाणी देवदर्शनाला गेल्या. देवळापुढच्या फरश्या तव्यासारख्या तापलेल्या. आम्ही सगळ्या पाय उचलीत पळालो. त्या मात्र संथपणे चालत गेल्या. आम्हांला वाटले, केवढी ही श्रद्धा! श्रद्धा होतीच, पण पायांना चटका कळत नव्हता. करंगळीखाली फोड आला, फुटला. दुखत नाही म्हणून हळद लावून आम्ही दहा दिवस घालवले. शेवटी करंगळी काढावी लागली. तो दोष माझा, कारण घरात पाहणारी मीच होते.

डॉक्टरांनी मग समजावून सांगितले. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होतात आणि रक्तपुरवठाही कमी पडतो. जखम कळत नाही आणि लवकर भरतही नाही. डोळ्यांच्या पडद्याला व मूत्रपिंडांना अशीच इजा होते, तीही न दुखता. म्हणून वर्षातून एकदा डोळे, लघवी व पाय तपासून घ्यावेत. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी असते. ती पुष्कळांच्या बाबतीत ७ टक्क्यांच्या आत असावी असे डॉक्टर सांगतात.

गेल्या वर्षी माझीही उपाशीपोटीची साखर दोनदा १२६ च्या वर आली, म्हणजे मधुमेहच. आता रात्री जेवणे उरकली की आम्ही दोघी दिव्याखाली बसतो. मी त्यांचे तळवे पाहते, त्या चष्मा लावून माझे पाहतात. सुनेचे पाय हातात घ्यायला त्या आधी संकोचल्या. आता मी विसरले तर त्याच हाक मारतात.

भगिनींनो, पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. नखे सरळ कापा. कुरूप ब्लेडने कापू नका. गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकू नका. चप्पल झटकून मगच घाला. घरातही अनवाणी फिरू नका. जखम दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

उपवासाचेही एक सांगते. साबुदाण्याने साखर भराभर चढते. उलट गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिले तर ती एकदम उतरू शकते. घाम आला, हातपाय कापू लागले तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी. डॉक्टरांना विचारल्यावाचून उपवास धरू नये.

देव आपल्या पायांचे चटके मागत नाही, असे आता सासूबाईच म्हणतात. आज रात्री निजण्यापूर्वी घरातल्या मधुमेही माणसाचे तळवे पाहा, एवढीच माझी विनंती.