देवळातील जुना ऑर्गन आणि आपली वर्गणी
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



ज्युबिलीचे वर्ष आले म्हणजे पूर्वजांनी देवाच्या घरी ठेवलेल्या वस्तूंकडे आपली दृष्टी सहजच वळते. त्यांच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणीची यादी फिरू लागली की, कोणीतरी विचारतोच, "गावात गोरगरीब असता वाद्यावर पैसा कशाला?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. यास्तव एका जुन्या ऑर्गनची हकीकत सांगून त्याचे उत्तर शोधण्याची आज अनुज्ञा मागतो.

फिलिपाईन्स देशात मनिला शहराच्या दक्षिणेस लास पिन्यास म्हणून ठिकाण आहे. पूर्वी मीठ पिकवून व मासळी धरून पोट भरणाऱ्यांची ही वस्ती. आपल्या मिठागरांच्या किनाऱ्यास ती परकी वाटू नये. १७९५ साली तेथे फादर दिएगो सेरा हे स्पॅनिश धर्मगुरू आले. त्यांनी दगडी देऊळ बांधविले आणि १८१६ साली ऑर्गनच्या कामास हात घातला. बांबू त्या मुलुखात विपुल; परंतु त्यास कीड लागते. म्हणून तोडलेला बांबू त्यांनी समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवला, आणि जो टिकला त्याच्याच नळ्या केल्या. १८२४ साली वाद्य पुरे झाले. त्यात एकंदर १०३१ नळ्या असून त्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत. तुतारीसारखा खणखणीत सूर बांबूतून निघेना, म्हणून उरलेल्या १२९ धातूच्या केल्या.

ऑर्गनची रचना ऐकावयास सोपी, राखावयास कठीण. भात्याचा वारा पेटीत साठतो. कळ दाबताच तो नेमक्या नळीत शिरतो. लांब नळी खर्जात बोलते, आखूड नळी टिपेस जाते. नळी चिरली तर तिचा सूर हरपतो, आणि भातेच फाटले तर सारे वाद्य मुके होते. भूकंप, वादळे आणि कीड यांनी लास पिन्यासच्या ऑर्गनची अशीच दुर्दशा केली व त्याच्या पुष्कळ नळ्या मुक्या झाल्या.

अखेरीस १९७३ साली तो उतरवून जर्मनीतील बॉन शहरी, क्लाईस यांच्या कारखान्यात नेण्यात आला. थंड देशात बांबू तडकू नये म्हणून तेथे उष्ण व दमट हवा राखलेली खास खोली सिद्ध केली होती. जीर्णोद्धारास द्रव्य का लागते, हे यावरून ध्यानी येईल. प्रत्येक नळी हाती घेऊन स्वच्छ करावयाची, सांधावयाची, आणि पुन्हा तिच्याच मूळ आवाजात बोलावयास लावावयाची! इकडे ऑर्गन परदेशी असता गावात देवळाचीही दुरुस्ती चालली होती. १९७५ साली ऑर्गन परत आला. पुढल्याच वर्षापासून तेथे संगीतमहोत्सव सुरू झाला, आणि २००३ साली त्या देशाने हे वाद्य राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केले.

परंतु माझ्या मते खरे फळ निराळेच आहे. त्या धर्मग्रामातील मुलांच्या गायकवृंदातून निघालेला एक मुलगा ऑस्ट्रियात शिकून आला व याच ऑर्गनचा मुख्य वादक झाला. पुढे फादर सेरा यांच्या नावाने देशी कारागिरांची ऑर्गन बांधण्याची कार्यशाळाही निघाली. ज्या वाद्यास एकदा समुद्रापार पाठवावे लागले, त्याची निगा राखणारे हात आता घरचेच झाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बेथानी येथे मरियेने प्रभूच्या चरणांस मोलाचे सुगंधी तेल लावले, तेव्हा तीनशे दिनारांचा हिशेब यहूदाने मांडला. आणि प्रभूने मरियेची बाजू घेतली. तथापि या कथेआड लपून गरिबांस विसरण्याची मुभा आपणांस मुळीच नाही. गरिबांची पेटी रिती करून ऑर्गनची पेटी भरू नये. वर्गणी द्यावयाची ती आपल्या लग्नसमारंभांतील डामडौलातून, मेजवान्यांतून वाचवून द्यावी. शिवाय देवळातील संगीत ही गरिबाचीही मालमत्ता आहे. श्रीमंतास सुस्वर गायन विकत घेता येते. मजुरास ते मिस्साच्या वेळी, आपल्याच देवळात, हक्काने ऐकावयास मिळते. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६३ साली ऑर्गनचा विशेष मान राखावा असे सांगितले, ते केवळ शोभेसाठी खास नव्हे. त्याच्या नादाने भाविकांचे मन परमेश्वराकडे उंचावते म्हणून.

तेव्हा जेथे असा फंड उभारावयाचा, तेथे तीन गोष्टी पाळाव्या. पहिली, जमाखर्च देवळाच्या दाराशी सर्वांस दिसेल असा लावावा. दुसरी, विधवेच्या दोन दमड्यांस यादीत मोठ्या देणगीइतकाच मान असावा. तिसरी, जमलेल्या रकमेतील काही वाटा वाजविणाऱ्या व निगा राखणाऱ्या मुलामुलींच्या शिक्षणासाठी राखून ठेवावा. नाही तर दुरुस्त केलेले वाद्य वाजविणाऱ्यावाचून पुन्हा मुके व्हावयाचे.

बंधुभगिनींनो, एकटी नळी एकच सूर काढते. हजार नळ्या मिळून स्तोत्र होते. वर्गणीचेही तसेच आहे. आपापला सूर, मग तो लहान असो वा मोठा, प्रत्येकाने द्यावा. आणि ज्याने पूर्वजांस हे दातृत्व दिले, तो परमेश्वर आपणांसही ते देवो, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.