काठाकडून पोटाकडे



मे महिन्याच्या दुपारी आमच्या कळव्याच्या चाळीत बोहारीण यायची. डोक्यावर स्टीलच्या पातेल्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचं बोचकं. तिची हाक गल्लीच्या तोंडाशी ऐकू आली की शेजारच्या आजी लगबगीनं आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायच्या. त्यांना घ्यायचं काहीच नसायचं. आई कपाटातून काय बाहेर काढते, एवढ्यावरच त्यांची नजर. सुती साडी दिसली रे दिसली, की म्हणायच्या, "अगं, ही देऊ नगंस. ही वाकळंला ठेव. तिला ती नायलॉनची दे." आई पातेल्याकडे बघायची, साडीकडे बघायची, आणि बहुतेक वेळा आजीच जिंकायच्या.

आजी साताऱ्याकडच्या, म्हणून त्यांची वाकळ. भिंतीपलीकडे मराठवाड्यातलं कुटुंब होतं, त्यांची गोधडी. आणि कळव्या-खारेगावची मूळची आगरी मंडळी, भातशेती नि मिठागरांवर जगलेली, ती म्हणायची गोधरी. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेनं कारखाने उभे राहिले आणि घाटावरून, कोकणातून माणसं इथे राहायला आली. प्रत्येक घराच्या वळकटीत गावाकडची एकतरी गोधडी होतीच. पुष्कळजण गोधडी आणि घोंगडी यांत गल्लत करतात म्हणून सांगते : घोंगडी मेंढीच्या लोकरीची, मागावर विणलेली. गोधडी विणत नाहीत. ती घरातल्या जुनेरांचे थर एकावर एक ठेवून हातानं शिवायची.

आता जरा हिशेब करू. नऊवारी लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या घाला. लांबी आली दोन मीटरच्या वर, म्हणजे माणूस पाय ताणून झोपेल एवढी. रुंदी जेमतेम सव्वा मीटर, आणि थर आपोआप चार. एका लुगड्यात एका माणसाचं पांघरूण, कात्री न लावता! हे माप कुणी ठरवलेलं नसावं, पण मला त्याचं फार कौतुक वाटतं. आजची साडेपाच मीटरची साडी तीन घड्यांत एक मीटर ऐंशीवर येते. उंच माणसाचे पाय बाहेर.

मी आजींकडून शिकले ती दहावीच्या सुट्टीत. पहिला धडा सुईचा नव्हताच, कापडाचा होता. जुनं सुती कापडच का? तर नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि सगळे थर सारखे आटत नाहीत. मग गोधडीला कायमच्या सुरकुत्या पडतात. शंभर वेळा धुतलेलं लुगडं आटायचं तेवढं आटून बसलेलं असतं. त्यातली खळ गेलेली असते, सुई लोण्यात जावी तशी जाते. लुगडं विरतं ते बहुधा बसायच्या जागी. तो विरलेला भाग आतल्या थरात घालायचा. काठ आणि पदर शेवटपर्यंत टिकतात, ते बाहेर दिसतील असे ठेवायचे.

मग जमीन पुसून थर अंथरायचे. हातानं मधून कडेकडे दाबत सुरकुती काढायची. वरचं आणि खालचं अस्तर कडेला आत दुमडायचं, म्हणजे सुटे धागे बाहेर येत नाहीत. त्यानंतर हातहातभर अंतरावर मोठे कच्चे टाके. हे शेवटी उसवून टाकायचे असतात, म्हणून नवशिक्या मुली ते टाळतात. मीही टाळले. तासाभरानं वरचा थर चार बोटं सरकलेला होता. त्याच दिवशी गोधडी उचलली तर खाली अंथरलेली चटईही तिच्याबरोबर वर आली, मी दोन्ही एकत्र शिवून ठेवल्या होत्या. आजी हसल्या नाहीत. "उसव," एवढंच म्हणाल्या.

टाका एकच, धावदोरा. सुई लांब, दोरा जाड सुती, पण एका वेळी हातभरच घ्यायचा. लांब दोरा घेतला की गुंता होतो आणि घासून तुटतो. डाव्या हातानं थर किंचित उचलायचे, सुईवर तीन-चार टाके भरायचे आणि मग एकदम ओढायचे. ओढताना घट्ट नाही. दोरा ताणला की कापड चुरमडतं. बोटात अंगुस्तान घालायला लाजू नका. गाठ वर दिसता कामा नये, ती थरांच्या मध्ये लपवायची.

आणि सुरुवात काठापासून. एका कडेनं निघायचं, कोपरा आला की दोरा न तोडता वळायचं, पुढची कड, पुन्हा कोपरा. एक फेरा झाला की बोटभर आत सरकून दुसरा. असं फिरत फिरत शेवटचा टाका गोधडीच्या पोटात. दोन फेऱ्यांत दोन सेंटीमीटर अंतर धरलं, तर एका माणसाच्या गोधडीत सव्वाशे मीटरच्या आसपास शिवण जाते. म्हणजे लोकलच्या पाच डब्यांहून जास्त लांब. सेंटीमीटरला एक टाका, तर बारा हजार टाके.

पाश्चात्त्य पद्धतीची पुस्तकं मी पुढे चाळली, तेव्हा चकित झाले. तिथे नेमकं उलटं : मधून सुरू करा आणि कडेकडे जा, म्हणजे ढिलाई बाहेर ढकलली जाते. त्यासाठी बहुतेकदा चौकट किंवा कडं वापरतात. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत चौकट ठेवणार कुठे? कारखाना तीन पाळ्यांत चालायचा. दुपारची पाळी संपवून माणूस घरी आला की जमीन त्याला झोपायला मोकळी हवी. गोधडी गुंडाळून कोपऱ्यात उभी करायची, सुई तशीच टोचलेली. शिवाय काठ आधी बंद झाला की काम कधीही थांबलं तरी चालतं. अर्धी गोधडीसुद्धा पांघरता येते. आमच्या धाकट्या भावानं एक पावसाळा तशीच अर्धी, पोटात कच्चे टाके असलेली पांघरून काढला. काठापासून शिवण्याचं मूळ कारण हेच, असा माझा कयास आहे. सवड तुकड्यातुकड्यानं मिळणाऱ्या बाईनं काढलेली ही युक्ती आहे.

हीच रीत आपल्या सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यातही दिसते. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलपट्टीत सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांतले बरेचजण गोव्यातल्या पोर्तुगिजांच्या तावडीतून निसटून या रानात आले. त्यांची बोली कोकणीच्या जवळची, आणि त्यांच्या गोधडीला म्हणतात कवंदी. तीही काठापासून सुरू होऊन मध्यावर संपते. संपवताना चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची छोटी त्रिकोणी फुलं बसवतात. फुलं नसतील तर ती कवंदी उघडी, असं त्या बायका मानतात. हेन्री ड्रूवल या अमेरिकी कला-अभ्यासकानं 2004 च्या सुमारास त्यांच्यासोबत काम सुरू केलं आणि पुढे या कवंद्या परदेशातल्या कलादालनांत भिंतीवर टांगल्या गेल्या. टांगाव्यात खुशाल. पण गोधडीची खरी परीक्षा ओली झाल्यावर होते, जेव्हा ती पिळायला दोघीजणी लागतात आणि एकही टाका उसवत नाही.

अडचण आता वेगळीच आहे. घरात जुनं सुती कापडच उरलेलं नाही. सिंथेटिक साडी सुईखाली निसटते, घाम टिपत नाही आणि खाडीकाठच्या दमट हवेत अंगाला चिकटते. तिची गोधडी दिसते छान, झोप लागत नाही.

तेव्हा शिकायचं असेल, तर मोठीला हात घालू नका. बाळाच्या दुपट्याएवढी करा. दोन थर पुरेत. कच्चे टाके मात्र घालाच. आणि दारात बोहारीण आली, तर एक सुती साडी मागे ठेवा. पातेलं बाजारात मिळतं.