कामाची जागा पाहिल्याशिवाय दाखला नको



आपली परिषद कान्होजी आंग्र्यांच्या अलिबागेत भरते आहे. थळचा खत कारखाना, डोलवीचं पोलाद, नागोठण्याची पेट्रोरसायनं, रोहा-महाडच्या रासायनिक वसाहती आणि उरणचं बंदर, एवढा सगळा पसारा या पट्ट्यात आहे. भातखाचरं आणि मिठागरं देऊन बसलेल्या इथल्या घरांचा संसार आता पाळीवर चालतो. त्यामुळे जखमी कामगार कामावर सुखरूप परत कसा यावा, हा आपल्या परिषदेचा विषय आमच्या घरचाच आहे.

अपघातानंतरची आपली रीत ठरलेली आहे. जखम भरते, डॉक्टर तपासतात, फिटनेस सर्टिफिकेट मिळतं आणि दुसऱ्या दिवशी माणूस पूर्ण पाळीला उभा राहतो. आजारपणाचा दाखला आहे तोवर रजा, तो संपला की आठ तास. अधलंमधलं काही नाही. कायद्यानंही आपल्याला शरीरच मोजायला शिकवलं. १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के असे आकडे लिहिलेले होते. भोपाळनंतर, कारखाने कायद्याच्या १९८७च्या दुरुस्तीनं, धोकादायक प्रक्रियेतल्या कामगारांच्या वैद्यकीय तपासण्या आणि नोंदी सक्तीच्या झाल्या, हे चांगलंच झालं. पण तपासणी झाली ती माणसाची. तो ज्या कामावर परत जाणार, ते काम कोणी तपासलं? न्यायालयाला मात्र हा प्रश्न फार पूर्वी पडला होता. डावा हात कोपराच्या वर गमावलेल्या एका सुताराची अपंगता अंशतःच आहे, असा मालकाचा दावा होता. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून ती संपूर्ण अपंगता, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयानं १९७५ साली दिला. २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात तेच सूत्र त्याच न्यायालयानं अधिक स्पष्ट केलं: तोच हात गेला तर चालकाची रोजी जवळजवळ पूर्ण बुडते, कारकुनाची नोकरी टिकू शकते. भरपाई ठरवताना जी अक्कल आपण मान्य केली, ती परतीच्या वेळी बासनात का बांधून ठेवतो, हे मला उमगत नाही.

युरियाचं पोतंच घ्या. २०१८पासून ते ५० ऐवजी ४५ किलोचं झालं. शेतकऱ्यानं युरिया कमी वापरावा म्हणून ते हलकं केलं. हमालाच्या पाठीचा विचार त्यात नव्हता. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या सूत्रात, सगळी परिस्थिती उत्तम असली तरीसुद्धा, हातानं उचलायच्या वजनाची शिफारस २३ किलोवर थांबते. आता मणक्याची गादी सरकलेला माणूस ‘जड वजन उचलू नये’ अशी चिठ्ठी घेऊन गोदामात येतो. जड म्हणजे किती, हे मग सुपरवायझर ठरवतो, आणि ज्या दिवशी गाड्यांची रांग लागलेली असते त्या दिवशी काहीच जड नसतं. त्याऐवजी कोणी जागेवर जाऊन पाहिलं तर चिठ्ठीला अर्थ येईल. पोतं कमरेच्या उंचीवर हाती येतं की जमिनीवरून उचलावं लागतं? थप्पीचा वरचा थर खांद्याच्या वर जातो का? वळताना पाय वळतात की नुसती कंबर? तासाला पोती किती? ट्रकच्या फाळक्यावर तो चढतो कसा? रात्रपाळीत गोळीची गुंगी असते का? एवढ्या पाहणीतून पुष्कळदा असं निघतं की एक फळी, एक टेबल किंवा पहिले तीन आठवडे अर्धी पाळी पुरेशी आहे. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात पाठदुखीच्या कामगारांवर झालेला शेरब्रुकचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. उपचारांच्या जोडीला कामाच्या जागेची पाहणी आणि बदल झाले, तेव्हा कामगार नेहमीच्या कामावर सुमारे २.४ पट वेगानं परतले, आणि त्यात मोठा वाटा जागेवरच्या बदलांचा होता.

‘लाईट ड्युटी’ एकदा दिली की माणूस तिथेच ठाण मांडतो, अशी व्यवस्थापनाची तक्रार असते. ती खोटी नाही. पण ठाण मांडलं जातं ते मुदत न घातलेल्या लाईट ड्युटीवर. पाहणीच्या कागदावर पुढच्या तपासणीची तारीख असतेच. खर्चाचा आक्षेप त्याहून लंगडा आहे, कारण रोह्याच्या लहान युनिटलाही फळी परवडते.

कामगार संघटनांची भीती मात्र खरी आहे. पाहणीच्या नावाखाली ‘हे काम तुला जमणार नाही’ असा शेरा मारून माणसाला घरी बसवलं तर? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं २०वं कलम सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला काढू देत नाही. तीच वेतनश्रेणी राखून दुसरं पद द्यावं लागतं. पण हे संरक्षण सरकारी आस्थापनांपुरतं, फार तर सरकारी कंपन्यांपर्यंत. भिंतीपलीकडच्या खाजगी कारखान्यात ते नाही आणि कंत्राटी कामगाराला तर दुसऱ्या दिवशी बदली माणूस मिळतो. म्हणून पाहणीच्या कागदावर ‘फिट’ आणि ‘अनफिट’ हे रकानेच नसावेत. कामात कोणता बदल, किती दिवस, कोण करणार, एवढंच असावं. पाहणीच्या वेळी कामगार हजर हवा, प्रत त्याच्या हाती हवी, आणि आजाराचं निदान डॉक्टरांच्या फायलीबाहेर जाता कामा नये. कंत्राटदाराच्या कामगाराची भरपाई १९२३च्या कायद्यानं मूळ मालकावर टाकली होती. त्याच्या परतीची जबाबदारीही मूळ मालकाचीच मानली पाहिजे.

आपण इथे जमलेले कारखान्यांचे वैद्यकीय व सुरक्षा अधिकारी सह्या करणारे लोक आहात. कामाच्या जागेची पाहणी झाल्याशिवाय परतीच्या दाखल्यावर सही करणार नाही, असा ठराव या परिषदेत आपण मांडावा आणि त्याला कारखान्यांच्या व्यवस्थापनांनी अनुमोदन द्यावं, अशी यजमान म्हणून माझी विनंती आहे.